50 पौंडांत विकला गेलेला किल्ला: आयर्लंडने किलकेनी कॅसल कसा वाचवला?

सन 1967. आयर्लंडच्या किलकेनी शहरात एका किल्ल्याचा व्यवहार झाला. किंमत फक्त 50 पौंड! विकणारे होते ऑरमंडचे मार्क्विस आर्थर बटलर आणि घेणारी होती किल्ला वाचवण्यासाठी स्थापन झालेली स्थानिक समिती. ज्या घराण्याने जवळपास साडेपाचशे वर्षं हा किल्ला सांभाळला, त्याने तो असा नाममात्र किमतीत का दिला?

किल्ला कोणी बांधला?

बाराव्या शतकात इंग्लंडहून आलेल्या नॉर्मन सरदारांनी आयर्लंडमध्ये पाय रोवले. त्यांच्यापैकी स्ट्राँगबो या सरदाराने नोर नदीकाठी मोक्याची जागा हेरली. त्याचा जावई विल्यम मार्शल याने तेराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दगडी किल्ला उभारला. त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बुरूज होते. 1391 मध्ये बटलर घराण्याने तो विकत घेतला.

1650 मध्ये ऑलिव्हर क्रॉमवेलच्या फौजेने किलकेनीला वेढा दिला. त्यात किल्ल्याची पूर्वेकडची बाजू ढासळली. आज चारपैकी तीनच बुरूज शिल्लक आहेत. पुढे बटलरांनी किल्ल्याचं रूपांतर आलिशान निवासस्थानात केलं आणि एकोणिसाव्या शतकात पुन्हा मोठी डागडुजी झाली.

मग घराणं का निघून गेलं?

कर वाढले, देखभाल परवडेना. 1935 मध्ये बटलर कुटुंबाने किल्ला सोडला आणि आतल्या सामानाचा लिलाव झाला. त्यानंतर तीस वर्षं वास्तू खालावत गेली.

यामागे राजकारणही होतं. 1919 ते 1923 या संघर्षाच्या काळात आयर्लंडमध्ये जमीनदारांच्या दोनशेहून अधिक हवेल्या जाळल्या गेल्या. अनेकांच्या नजरेत या वास्तू म्हणजे परक्या सत्तेच्या खुणा होत्या. नव्या, गरीब देशाने त्यांच्यावर जनतेचा पैसा का खर्च करावा, हा प्रश्न साहजिक होता.

किलकेनीत त्याचं उत्तर शहरातूनच आलं. लोकांना किल्ला आपला वाटत होता. समितीने तो घेतला आणि 1969 मध्ये सरकारकडे सोपवला. मालक बदलला, तसा किल्ल्याचा अर्थही बदलला.

पुन्हा उभारायचा, पण कोणत्या काळातला?

जीर्णोद्धारातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच. मार्शलचा लष्करी किल्ला दाखवायचा की बटलरांचं घर? सरकारच्या 'ऑफिस ऑफ पब्लिक वर्क्स' या विभागाने मुख्य दालनांसाठी एकोणिसावं शतक निवडलं, कारण त्या काळाचे पुरावे हाताशी होते. लिलावात गेलेल्या काही वस्तू शोधून परत आणल्या गेल्या.

सगळीकडे हाच मार्ग निवडला गेला नाही. 'ब्रेव्हहार्ट' सिनेमात दिसलेला ट्रिम कॅसल सरकारने 1993 मध्ये विकत घेतला. तिथे पडझड तशीच ठेवून भिंती मजबूत केल्या, मुख्य बुरुजावर संरक्षक छप्पर घातलं आणि 2000 मध्ये तो लोकांसाठी खुला केला.

तिसरा मार्ग खासगी मालकीचा. अभिनेते जेरेमी आयर्न्स यांनी कॉर्कमधला पडका किलको कॅसल 1998 मध्ये घेतला आणि स्वतःच्या खर्चाने राहण्याजोगा केला. त्याच्या भगवट-गुलाबी रंगावरून वादही झाला. वास्तू वाचली, पण ते खासगी घर आहे. सामान्य माणसाला ती बाहेरूनच पाहावी लागते.

पैसा कोणाचा, प्रवेश कोणाला?

मालकाला मदत आणि लोकांना प्रवेश यांची सांगड घालायला आयर्लंडमध्ये करसवलत आहे. वारसा म्हणून मान्यता मिळालेली इमारत वर्षातून किमान 60 दिवस लोकांसाठी खुली ठेवली, तर दुरुस्तीच्या खर्चावर मालकाला सवलत मिळू शकते.

पण दुरुस्ती एकदा करून संपत नाही. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात आणि चुना ओलावा बाहेर पडू देतो. घाईने सिमेंट भरलं, तर पाणी आत अडकतं आणि दगड झिजू लागतो. त्यात हवामान बदलामुळे जोरदार पाऊस वाढण्याची चिंता आहे. म्हणजे खर्च दरवर्षीचा, आणि चुन्याचं काम जाणणारे कारागीरही कायम हवेत.

म्हणूनच 50 पौंडांचा व्यवहार स्वस्त नव्हता. खरी किंमत लोक त्यानंतर करातून मोजत आले आहेत. बदल्यात त्यांना मिळालं ते किल्ल्याचं दार आणि भोवतीचं विस्तीर्ण उद्यान. पडलेली चौथी बाजू मात्र कोणी पुन्हा बांधली नाही. एकेकाळी जिथे शत्रूला रोखणारी भिंत होती, तिथून आज किल्ल्याचं अंगण थेट उद्यानाकडे उघडतं आणि त्या उद्यानात शहरातले लोक फिरायला येतात.