वाटाड्याचा विमा
(विमा नियामक प्राधिकरणाच्या अध्यक्षांस खुले पत्र)

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण, हैदराबाद
यांस,

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व सीमेवर, सह्याद्रीच्या कड्यांखाली वसलेल्या शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत पाऊस स्थिरावला, की शनिवार-रविवारी मुंबई, ठाणे, कल्याणकडून जी गर्दी लोटते, तिच्यातील काहीजण मोटारसायकलींवरून कल्याण–नगर रस्त्याने माळशेज घाट चढतात, काही कसाऱ्याच्या घाटात शिरतात (समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव असल्याने त्यांना जुना आग्रा रस्ताच उरतो), आणि पाऊस सरल्यावर पुष्कळजण माहुलीच्या वजीर सुळक्याला दोर लावण्यासाठी, देहरीवरून गोरखगडाच्या कातळपायऱ्या चढण्यासाठी, किंवा बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड गाठण्यासाठी आमच्या गावांतून पुढे जातात. या हौशी मंडळींपैकी कोणाचे हाड मोडले तर इस्पितळाचा खर्च कोण देईल, आणि त्यांना वाट दाखवणाऱ्याचे हाड मोडले तर तो कोण देईल, या दोन प्रश्नांची उत्तरे आपल्या नियमांतून परस्परविरुद्ध निघतात, ही गोष्ट आपल्या नजरेस आणावी म्हणून हा पत्रप्रपंच.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे आणि त्याचे श्रेय प्राधिकरणाला दिलेच पाहिजे. २७ सप्टेंबर २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी आरोग्यविम्यातील अपवर्जनांना (विम्यातून वगळलेल्या बाबींना) एकसारखा मजकूर ठरवून दिला. त्यातील नवव्या अपवर्जनात प्रस्तरारोहण, गिर्यारोहण, मोटारशर्यत, घोडशर्यत, राफ्टिंग इत्यादींची नावे आहेत खरी, परंतु अशा खेळांत व्यावसायिक म्हणून भाग घेतल्यामुळे कराव्या लागलेल्या उपचारांचाच खर्च तेथे वगळलेला आहे. माळशेजच्या ओल्या वळणावर घसरलेला मोटारसायकलस्वार मुळात शर्यतीतच नसतो, मग व्यावसायिक कोठून असणार? त्याच्याकडून वाहतुकीचा एखादा नियम मोडला गेला असला, तरी कायदाभंगाविषयीचे दहावे अपवर्जन गुन्हेगारी हेतूची अट घालते, हेही येथे नमूद करण्याजोगे आहे. असे असता, मोटारसायकलीवरून पडणे विम्यात बसत नाही अशी समजूत आमच्याकडे घट्ट रुजलेली आहे, आणि तिच्या जोडीला दुसरी, अधिक घातक समजूत अशी, की दुचाकीच्या विमापत्राबरोबर घेतलेला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा इस्पितळाचाही खर्च देतो. वस्तुतः तो मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांपुरताच आहे, आणि मोडलेल्या मांडीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी त्याचा उपयोग शून्य.

परंतु माझी खरी कैफियत दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. वजीरच्या पायथ्याशी, नाणेघाटाच्या चढणीवर किंवा नळीच्या वाटेच्या तोंडाशी जो तरुण शहरी पाहुण्यांच्या पुढे चालतो, त्यांची जड पिशवी खांद्यावर घेतो, निसरड्या टप्प्यावर दोर धरून उभा राहतो आणि सायंकाळी त्याबद्दल काही रोकड घेऊन घरी जातो, तो बहुधा ठाकर किंवा महादेव कोळी वस्तीतला, भातशेती आटोपल्यावर मिळेल ते काम करणारा वाटाड्या असतो. एकाच दोरावर, एकाच क्षणी, एकाच सुटलेल्या दगडाने दोघे जखमी झाले, तर हौसेखातर आलेल्या पाहुण्याचा दावा मंजूर होईल आणि पोटाखातर आलेल्या वाटाड्याचा दावा, तो पैसे घेत होता म्हणून, व्यावसायिक ठरवून नामंजूर करता येईल. व्यावसायिक कोणास म्हणावे, याची सीमा नवव्या अपवर्जनाच्या वाक्यात कोठेच आखलेली नाही. ती आखण्याचे काम दावा तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडलेले आहे. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाने आयोजकांना नोंदणी सक्तीची केली, हे योग्यच झाले. पण उद्या हाच तरुण नोंदणी करून, पावती देऊन, सचोटीने काम करू लागला, तर तीच नोंदणी त्याच्या दाव्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल, ही विसंगती मला असह्य वाटते.

आणि कड्यावर कोणी अडकले, की प्रथम हाक जाते ती याच वस्त्यांना. बांबूला चादर बांधून केलेल्या डोलीतून जखमीला रस्त्यापर्यंत आणणारे हेच हात असतात. तेथून शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, आणि दुखापत गंभीर असेल तर पुढे कल्याण, ठाणे किंवा थेट मुंबई, असा तो प्रवास असतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देते, मग वाटाड्याला वेगळा विमा कशाला, असे कोणी म्हणेल. ही योजना मोठा आधार आहे, यात संशय नाही; तथापि ती ठरावीक उपचारांपुरती आणि संलग्न रुग्णालयांपुरती आहे, आणि पाय प्लास्टरमध्ये असताना बुडालेली मजुरी ती भरून देत नाही. केंद्राची २०२५ ची दीड लाखाची रोखरहित उपचारांची योजना तर रस्ते अपघातांसाठी आहे. सुळक्यावरून पडणे तिच्या कक्षेतच येत नाही.

जोखीम जास्त असेल तर हप्ता जास्त घ्यावा, हा विम्याचा जुना आणि रास्त न्याय आहे. आपल्याच सरकारी विमा कंपन्यांच्या जुन्या वैयक्तिक अपघात विम्यात गिर्यारोहण, चाकांवरील शर्यती, इतकेच काय शिकारसुद्धा तिसऱ्या जोखीमवर्गात घालून वाढीव दराने स्वीकारली जात असे. दहीहंडीच्या गोविंदांचा विमा राज्य शासन २०२३ पासून सरकारी विमा कंपनीमार्फत उतरवीत आहे. थरांवर चढणाऱ्याची जोखीम मोजता येते, तर दोर धरून उभ्या असलेल्याची का मोजता येऊ नये?

सबब प्राधिकरणाने खुलासा जारी करून हे स्पष्ट करावे, की स्पर्धा वा प्रदर्शन हीच ज्याची मुख्य उपजीविका, तोच नवव्या अपवर्जनापुरता व्यावसायिक समजावा, आणि तो तसा आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची राहील. हंगामी मानधनावर वाट दाखवणारा आणि बचावकार्यात उतरलेला ग्रामस्थ यांना या व्याख्येतून निःसंदिग्धपणे वगळावे. नोंदणीकृत वाटाड्यांसाठी उपचारखर्च व बुडालेली मजुरी या दोहोंचा समावेश असलेला, आयोजकाने हप्ता भरावयाचा सामूहिक विमा तयार करण्यास कंपन्यांना सांगावे, आणि विमापत्रासोबतच्या ग्राहक माहितीपत्रकात हा खुलासा मराठीत, शेतकऱ्याला वाचता येईल अशा अक्षरांत छापला जाईल असे पाहावे. पुढील पावसाळ्याच्या आत यावर निर्णय व्हावा, ही विनंती.

आपला विश्वासू,
मुरबाड तालुक्यातील एक रहिवासी