विश्लेषण : फेरेटच्या ‘डिग बॉक्स’मध्ये काय भरावे? तांदूळ, माती की चेंडू?

प्लास्टिकच्या मोठ्या पेटीत ओतलेला पाच-दहा किलो तांदूळ आणि त्यात सूर मारून नाहीसा होणारा एक लांबुडका, केसाळ प्राणी. अशा चित्रफिती मोबाइलवर एव्हाना अनेकांनी पाहिल्या असतील. हा प्राणी म्हणजे फेरेट आणि ती पेटी म्हणजे त्याचा ‘डिग बॉक्स’, अर्थात उकरून खेळण्याची पेटी. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपात फेरेट पाळणाऱ्या घरांत ती सर्रास दिसते. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी घरातील मुले कुत्र्याऐवजी फेरेटचा हट्ट धरतात, तेव्हा पिंजऱ्यापाठोपाठ खरेदीच्या यादीत हीच पेटी येते. तिच्यात काय भरायचे, हा प्रश्न मात्र वाटतो तितका किरकोळ नाही. चित्रफितीत जे छान दिसते ते प्राण्याच्या पोटात गेले तर शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

फेरेट म्हणजे मुंगूस का?

दिसायला तसा भास होतो, पण मुंगसाचे कूळ वेगळे. फेरेट हा युरोपातील पोलकॅट या रानटी प्राण्याचा माणसाळलेला वंशज. पाणमांजर त्याच्या कुळातले. सुमारे दोन हजार वर्षांपासून तो माणसाच्या सोबत आहे, तो मुख्यत: सशांच्या शिकारीसाठी. ब्रिटनच्या ग्रामीण भागात ही पद्धत आजही टिकून आहे. सशांच्या बिळांच्या तोंडांवर जाळी लावायची, एका तोंडातून फेरेट आत सोडायचा आणि घाबरून बाहेर पळणारे ससे जाळ्यात पकडायचे. त्याच्या नावाचे मूळ लॅटिनमधील ‘चोर’ या अर्थाच्या शब्दात आहे आणि ते सार्थ आहे. मोजे, किल्ल्या, रिमोट असे जे सापडेल ते पळवून कोपऱ्यात दडवणे हा त्याचा आवडता उद्योग.

सगळीकडे तो पाळता येतो असेही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया आणि हवाई या राज्यांत त्याला बंदी आहे. न्यूयॉर्क शहराने १९९९ मध्ये बंदी घातली आणि ती उठवण्याचा प्रस्ताव २०१५ मध्ये तिथल्या आरोग्य मंडळात मंजूर होऊ शकला नाही. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातील मराठी आई-वडिलांना मुलांचा हट्ट मोडायला कायद्याचे आयते कारण मिळते. न्यू जर्सीतल्यांना तेही नाही.

उकरण्याची एवढी ओढ कशासाठी?

शेकडो पिढ्या ज्या प्राण्याला बिळात शिरण्यासाठीच वाढवले, त्याला दिवाणखान्यात आणल्यावर ती सवय सुटेल अशी अपेक्षा करणेच चूक. फेरेटचे शरीर नळीसारखे, पाय आखूड, पाठ लवचीक. १९७१ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातील राष्ट्रीय प्रवेगक प्रयोगशाळेने (आजची फर्मीलॅब) त्याच्या या स्वभावाचा भलताच उपयोग करून घेतला. फेलिशिया नावाच्या फेरेटला गळपट्टा बांधून तिच्यामागे दोरी लावली आणि लांबलचक अरुंद नळ्यांतून तिला पलीकडे पाठवले. मग त्या दोरीला फडके बांधून नळ्या आतून पुसून काढल्या.

फेरेट दिवसाचे १४ ते १८ तास झोपतो आणि उरलेल्या वेळात अंगात आल्यासारखा वावरतो. त्या वेळी उकरायला काही मिळाले नाही तर तो गालिचा उकरतो, सोफ्याच्या तळाचे कापड फाडून आत शिरतो, पिंजऱ्याचे गज चावतो. सोफ्याच्या आतला फोम तर त्याच्यासाठी विषासारखाच. म्हणूनच ‘धोका नको, पेटीच नको’ हा सावधपणाचा सल्ला वरवर शहाणपणाचा वाटला तरी तो प्राण्याच्या हिताचा नाही. पेटी हवीच, प्रश्न फक्त आत काय असावे एवढाच.

धोका नेमका कुठे?

दोन ठिकाणी, आतड्यात आणि नाकात. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे. त्याचे आतडे आखूड आणि अरुंद. खाल्लेले अन्न साधारण तीन-चार तासांत बाहेर पडते. अशा आतड्यात रबराचा तुकडा, फोमचा गोळा किंवा फुगलेला दाणा अडकला तर तो सहसा आपोआप सुटत नाही. आतड्यातील अडथळा ही विशेषत: तरुण फेरेटमध्ये पशुवैद्यकांना वारंवार दिसणारी तातडीची समस्या आहे. शस्त्रक्रियेचा खर्च प्राण्याच्या किमतीच्या कितीतरी पट होतो आणि प्राणी वाचेलच असे नाही.

दुसरा धोका श्वासाचा. उकरताना फेरेटचे नाक जमिनीलाच टेकलेले असते, नव्हे, तो नाक खुपसूनच पुढे सरकतो. त्याची श्वसनसंस्था नाजूक. माणसाला होणारा फ्लू त्यालाही होतो. लंडनच्या मिल हिल येथील संशोधकांनी १९३३ मध्ये माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला तो फेरेटच्याच साहाय्याने. अशा प्राण्याला धुळीच्या पेटीत लोटणे हा खेळ नव्हे.

त्यामुळे कोणत्याही वस्तूबाबत विचारायचे ते इतकेच, की ती गिळली तर काय होईल, नाकात गेली तर काय होईल आणि ओली झाली तर काय होईल. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. उकरायच्या पेटीचा कोपरा हा बऱ्याच फेरेटना शौचालयासाठी अगदी योग्य वाटतो, त्यामुळे पेटी कोरडी राहील हे गृहीत धरताच येत नाही.

तांदूळ चालतो का?

सर्वाधिक वापर तांदळाचाच होतो आणि सर्वाधिक वादही त्याच्यावरच. त्याचे गुण खरे आहेत. लांब दाण्याचा कच्चा तांदूळ हातातून वाहतो तसा फेरेटच्या अंगावरून वाहतो, आवाज करतो, स्वस्त असतो. चार दाणे पोटात गेलेच तर ते सहसा तसेच बाहेर पडतात. मात्र ‘तांदूळ’ हा शब्द फार ढोबळ आहे आणि हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. पाच मिनिटांत शिजणारा ‘इन्स्टंट’ तांदूळ आधीच शिजवून वाळवलेला असतो. तो पाणी झपाट्याने शोषतो आणि फुगतो, म्हणून तो बाद. आंबेमोहोर-इंद्रायणीसारखा आखूड, चिकट तांदूळही नको. ओलसर झाला की त्याचे गोळे होतात.

तांदळावर पॉलिशची बारीक भुकटी असते. मोठ्या चाळणीने चाळून घेतल्याशिवाय तो पेटीत ओतू नये. पेटीत लघवी झाली तर त्या कोपऱ्यातले चार मूठ नव्हे, सगळा तांदूळ टाकावा. दमट हवेत त्याला बुरशी धरते, ती वरून दिसत नाही. आणि मराठी घरांपुरती एक खास सूचना : भारतातून येताना किंवा वर्षभराची साठवण करताना तांदळाला किडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर चोळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. माणूस तो तांदूळ धुऊन शिजवतो, फेरेट मात्र त्यात लोळून नंतर आपले अंग चाटतो. असा तांदूळ पेटीत कदापि नको.

पाच किलो तांदूळ खेळायला ओतणे अनेकांच्या मनाला पटणार नाही. पानात भात टाकू नये असे ऐकत वाढलेल्यांना तर नाहीच. ती अडचण खरी आहे आणि तिच्यावर उपाय सोपा आहे. तांदळाशिवायही उत्तम पेटी भरता येते. तांदूळ ‘सर्वोत्तम’ ठरला आहे तो मुख्यत: तो कॅमेऱ्यात छान दिसतो म्हणून.

राजमा, पास्ता, माती, वाळू?

कडधान्ये नकोच. रात्री भिजत घातलेला राजमा सकाळी केवढा होतो हे स्वयंपाकघरात रोज दिसते. तेच ओल्या आतड्यात होऊ शकते. शिवाय कच्च्या राजम्यात विषारी लेक्टिन असते. मोठ्या आकाराचा कोरडा पास्ता त्यापेक्षा बरा, पण तुटल्यावर त्याला टोके येतात आणि ओला झाला की तो मऊ पडून खाण्याजोगा होतो. एकूण त्याच्या भानगडीत पडण्यात अर्थ नाही.

माती ही फेरेटची खरी आवड. तिला वास असतो, ओल असते, तिच्यात बोगदा टिकतो. पण दुकानातील कुंडीच्या मातीच्या पिशवीत माती कमी आणि इतर गोष्टीच जास्त असतात. त्यात रासायनिक खत आणि परलाइटचे पांढरे हलके दाणे असतात. बागेत पसरायच्या कोकोच्या सालींमध्ये चॉकलेटमधले थिओब्रोमिन असते, तेही घातक. बागेतली माती उचलावी तर तिथे गोगलगायी मारण्याच्या गोळ्या टाकलेल्या असू शकतात. त्यातले मेटाल्डिहाइड हे विष ब्रिटनमध्ये मार्च २०२२ च्या अखेरीपासून बाहेर वापरण्यास बंद झाले, पण जुने डबे शेडमध्ये पडून राहतात. सार्वजनिक उद्यानातील माती तर आणूच नये. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग फेरेटला होतो आणि तो झाला तर प्राणी जवळजवळ कधीच वाचत नाही. फेरेटला त्याची लस दिलेली असणे ही पेटीच्याही आधीची गोष्ट. खत किंवा इतर काही न मिसळलेली साधी माती किंचित ओलसर करून दिली तर तिला तोड नाही. खेळून झाल्यावर घर झाडावे लागेल, इतकेच.

वाळूच्या बाबतीत मुलांच्या खेळासाठी विकली जाणारी धुतलेली वाळू घ्यावी आणि तिच्यावर पाण्याचा हबका मारावा. बांधकामाची वाळू आणि तिची धूळ टाळावी.

‘नैसर्गिक’ लिहिलेले सुरक्षित असते का?

पाळीव प्राण्यांच्या बाजारातील हा सर्वात फसवा शब्द. सीडर आणि पाइनच्या लाकडाच्या ढलप्या शंभर टक्के नैसर्गिक आहेत, पण त्यांचा सुगंध ज्या द्रव्यांमुळे येतो तीच श्वासनलिकेला त्रास देतात. मक्याच्या कणसाचे तुकडे नैसर्गिक आहेत, ते ओले झाले की फुगतात आणि कुजतात. मांजरासाठीची गुठळ्या होणारी ‘लिटर’ ही बेंटोनाइट नावाची माती. तिचे कामच मुळी पाणी शोषून फुगणे आणि घट्ट होणे. ओल्या नाकात किंवा आतड्यात गेल्यावरही ती तेच काम करते. पाकिटावर ‘पाळीव प्राण्यांसाठी’ असे लिहिलेले असले तरी तो प्राणी बहुधा मांजर किंवा ससा असतो. मांजर लिटरमध्ये दोन मिनिटे उभी राहते, फेरेट तीत डोके खुपसतो. हा फरक पाकीट सांगत नाही आणि दुकानदाराला तो ठाऊक असेलच असे नाही.

कृत्रिम वस्तूंत थर्माकोलचे दाणे आणि पाण्यात फुगणारे रंगीत ‘वॉटर बीड्स’ सर्वात वाईट. रबर आणि फोम चावणे ही तर तरुण फेरेटची खोडच.

मग पेटीत भरावे तरी काय?

उत्तर फारसे चकचकीत नाही. फेरेटच्या तोंडात मावणार नाहीत इतके मोठे, टणक प्लास्टिकचे चेंडू, चुरगळलेला कोरा कागद, बिनछपाईच्या खाकी कागदाच्या रुंद पट्ट्या. कागदातून पिना, चिकटपट्टी आणि प्लास्टिकच्या खिडक्या आधी काढाव्यात. उन्हाळ्यात उथळ परातीत दोन बोटे पाणी आणि त्यात चेंडू. थंड प्रदेशात बादलीभर स्वच्छ बर्फ, जो खेळ संपला की वितळून जातो. जुन्या कापडाचे तुकडे चालतात, पण सुटे दोरे निघणारे नकोत. टॉवेलचे तर नकोतच, त्यात नखे अडकतात.

वास हवा असेल तर चेंडूंच्या तळाशी मांसाचे एक-दोन वाळवलेले तुकडे लपवावेत. फेरेटच्या दृष्टीने ही पेटी तांदळाच्या पेटीपेक्षा कमी आनंदाची नसते. पेटी उंच कडांची घ्यावी, झाकणाला हाताएवढे भोक पाडून त्याची कड घासून गुळगुळीत करावी. आणि ती चोवीस तास पिंजऱ्यात ठेवू नये. माणूस समोर बसलेला असताना अर्धा तास खेळ, मग पेटी उचलून बंद.

महाराष्ट्रात याचा काय संबंध?

फेरेट थंड हवेचा प्राणी. तापमान तिशीच्या पुढे गेले की त्याला उष्माघाताचा धोका असतो. त्यामुळे नागपूर-जळगावात तो पाळणे म्हणजे त्याचे हालच. पण पुण्या-मुंबईच्या सदनिकांत हॅम्स्टर आणि ससे कितीतरी आहेत आणि उकरण्याची ओढ त्यांनाही आहे. त्यांच्यासाठीही तेच प्रश्न लागू पडतात. पाइनच्या ढलप्यांची पाकिटे इथेही मिळतात. हॅम्स्टरसाठी विकला जाणारा कापसासारखा बिछाना त्याच्या पायांना गुंडाळला जाऊन पाय निकामी होऊ शकतो. नारळाच्या काथ्याचा भुसा चांगला, मात्र किंचित ओलसर करून, कारण कोरडा असताना तोही नाकात जातो.

काही गिळल्याचे कसे ओळखावे?

फेरेट कुत्र्या-मांजरासारखा उलटी करेलच असे नाही, म्हणून उलटीची वाट पाहू नये. खाणे सोडणे, सुस्त पडून राहणे, दात कराकरा वाजवणे, लाळ गळणे, पंजाने सारखे तोंड पुसणे, विष्ठा अगदी बारीक, काळी किंवा बंद होणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे जावे. घरात एरंडेल पाजून बघू, उद्या ठरवू, असे करू नये. अडथळा असेल तर रेचकाने तो सुटत नाही, उलट आतडे फाटू शकते. सर्वच पशुवैद्यक फेरेटवर उपचार करत नाहीत. जवळचा कोण करतो आणि त्याचे रात्रीचे दार उघडे असते का, याची चौकशी पेटी विकत घेण्याच्या आधी करावी. जाताना पेटीतल्या वस्तूचा नमुना पिशवीत घालून सोबत न्यावा. रबर आणि फोम क्ष-किरणात नेहमी दिसतातच असे नाही आणि काय शोधायचे हे ठाऊक असले तर डॉक्टरांचा वेळ वाचतो.