माधुकरीची रीत

सोलापूरहून पुण्याच्या वाटेला लागले की तासाभरात मोहोळ येते. तालुक्याचे हे नाव कानाला इतके सरावले आहे, की मोहोळ म्हणजे मधमाश्यांची वस्ती हे चटकन लक्षातही येत नाही. एरवी हा शब्द आपल्या तोंडी असतोच. मनात आठवणींचे मोहोळ उठते, एखाद्या पुढाऱ्यावर टीकेचे आग्यामोहोळ उठते आणि निवडणूक आली की मतदारांना मधाचे बोट लावले जाते. आपल्या या बहुभाषी शहरात मराठी घरातला मध कानडी शेजाऱ्याकडे ‘जेनु’ होतो, तर तेलुगू शेजाऱ्याकडे ‘तेने’. पूजेच्या पंचामृतात तो असतो, लग्नातल्या मधुपर्कात असतो आणि डॉक्टरांनी गोड बंद केले, तर ‘मधुमेह’ या नावातही भेटतो.

माशीचा गोडवा आणि तिचा डंख भाषेने असा नेमका टिपला. तिची रीत मात्र ‘माधुकरी’ या शब्दात राहिली. मधुकर म्हणजे मध गोळा करणारा. चार घरी थोडे थोडे मागायचे, एकाच घरावर भार टाकायचा नाही, ही माधुकरीची पद्धत. मागच्या पिढ्यांतली कितीतरी गरीब मुले या अन्नावर शिकली.

माशी तर याच्याही पुढे जाते. घेता घेता ती देऊन जाते. कामाच्या हंगामात कामकरी माशी जेमतेम दीड महिना जगते आणि तेवढ्यात चहाच्या चमचाच्या दहाव्या हिश्शाइतकाही मध तिच्या हातून होत नाही. तेव्हा तिची किंमत मधाच्या बाटलीवर करून चालणार नाही. अंगाला चिकटलेले पराग ती या फुलावरून त्या फुलावर नेते, हे तिचे खरे देणे.

सोलापूर जिल्ह्याला हे देणे विशेष कळायला हवे. आपल्या ज्वारीला माशीची गरज नाही, पण सूर्यफुलाला, कांद्याच्या बियाण्याला आणि डाळिंबाला आहे. २००५ साली राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरात आले, २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या लौकिकात बागायतदाराच्या घामाबरोबर माशीचे कष्टही आहेत. बाग फुलावर असताना माश्या फिरल्या, तर सेटिंग चांगले होते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत फुलकिड्यांसाठी फवारणी होते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. कर्ज काढून उभी केलेली बाग किडीच्या हवाली कोण करील? पण ऐन फुलोऱ्यात माशीला घातक औषध टाळणे आणि फवारायचेच झाले तर माश्या घरी परतल्यावर, संध्याकाळी फवारणे एवढे तरी जमण्यासारखे आहे. शहरातही पाण्याच्या टाकीखाली आग्या माशीचे पोळे दिसले की आधी पलिता आठवतो. वास्तविक ही माशी हंगाम सरला की बहुधा आपणच मुक्काम हलवते. वर्दळीच्या जागी धोका असेल तर जाणकाराला बोलवावे, पण जाळण्याची घाई कशाला?

महाबळेश्वर तालुक्यातले मांघर २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. तिथल्या डोंगरातले जंगल आपल्याकडे नाही, हे खरे. पण बांधावर एखादे कडुलिंबाचे, जांभळाचे, शेवग्याचे झाड लावायला, कोपऱ्यात थोडे पाणी ठेवायला डोंगर लागत नाही. चार घरी मागणाऱ्या मुलाला आपल्या आजीने दारातून रिकाम्या हाताने परत पाठवले नाही. या मधुकराला आपण निदान विष तरी वाढू नये.