सूर्य कारखान्यात यावा

मुलांनो, दुधाचे पाश्चरीकरण करण्यासाठी ते सुमारे ७२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. एवढ्याशा उष्णतेसाठी कोळसा वा तेल जाळणे हा अपव्यय नव्हे काय? लातूरच्या महानंद दुग्धशाळेत या शतकाच्या पहिल्या दशकात निराळा प्रयोग झाला. आपल्याच देशात घडविलेली, सुमारे १६० चौरस मीटर क्षेत्रफळाची ‘अरुण’ नावाची आरशांची तबकडी तेथे उभारण्यात आली. सूर्याच्या रोखाने वळत ती त्याचे किरण एकवटीत असे आणि त्या उष्णतेवर दूध तापविले जाई. पावसाळ्यात बॉयलर पेटवावाच लागेल, हे खरे. परंतु म्हणून लख्ख उन्हाचे दिवस वाया का दवडावेत? कारखानदारांनी अशी देशी यंत्रे अवश्य स्वीकारावीत. जे यंत्र येथील कारागीर घडवितात, ते बिघडल्यास दुरुस्तीसाठी परदेशाच्या दारी जावे लागत नाही.