अंगणातली रिकामी जागा

दिवाळीच्या फराळाबरोबर या सदरातूनही वाचकांच्या ताटात काहीतरी गोड वाढावे, असा आमचा शिरस्ता. यंदा मात्र सुरुवात एका पडलेल्या झाडापासून करावी लागत आहे.

पुण्यातल्या आमच्या अंगणात गुलमोहर होता. मुलगी जन्मली त्या साली लावलेला. २०२३ च्या मे महिन्यात वळवाचा पाऊस आला आणि झाड मुळासकट आडवे झाले. सासूबाई रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन ज्या बाकावर बसत, त्याचा चुरा झाला. त्या दिवशी गुडघे दुखत होते म्हणून त्या घरात होत्या. त्या गुडघेदुखीला आम्ही आजही मनोमन हात जोडतो!

गुलमोहर मूळचा मादागास्करचा. रूप राजबिंडे, पण मुळे उथळ, लाकूड ठिसूळ आणि उन्हाळ्याच्या तोंडी अंगावर पान नाही. तेव्हा आता लावायचे ते सदाहरित झाड, असे ठरले. सदाहरित म्हणजे पाने न गळणारे, असा माझा समज होता. तसे नव्हे. पाने त्याचीही गळतात. पण थोडी थोडी, सबंध झाड एकदम उघडे पडत नाही.

महाबळेश्वरला पाहिलेली अंजनी माझ्या मनात भरली होती. आमचे म्हातारे माळी हसले.

"साहेब, तिथला पाऊस किती, हितला किती?"

प्रश्न बिनतोड होता. तिकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक, इकडे ७०० च्या आसपास. त्यांनी पहार मारून दाखवली. दोन फुटांवर मुरूम लागला. "झाड कसं दिसतंय ते मागनं बघा. आधी आपली जमीन बघा," ते म्हणाले.

त्यांनी नावे सुचवली ती दोन, बकुळ आणि करंज. बकुळ खरा सदाहरित, चिवट, फुले वाळली तरी वास सोडत नाही. पण वाढ गोगलगाईची. करंज वसंतात थोडे दिवस पाने टाकतो, लगेच पोपटी पालवीने भरतो आणि वाढतोही भराभर. पूर्वी दिव्यात त्याचे तेल जळे, हे दिवाळीला सांगायलाच हवे.

घरात दोन तट पडले. मला बकुळ हवा होता. ही म्हणाली, "आईला ऐंशी उलटून गेली. तुमच्या बकुळीखाली तिने बसायचे कधी?" मला उत्तर सुचेना. सासूबाई आतून म्हणाल्या, "जावईबापू, मी कुठे बसेन ते सोडा. पुढच्या वादळात त्याच्याखाली कुणी बसलेले असेल, त्याचा विचार करा."

शेवटी दोन्ही लावली. माळ्यांनी तीन फूट खड्डा खणून उन्हात तापू दिला आणि मृगाचा पाऊस मुरल्यावर रोपे लावली. भिंतीपासून दहा फूट दूर. पिशवीतली मुळे गोल गुंडाळलेली होती, ती त्यांनी हाताने मोकळी केली. नाहीतर झाड पुढे स्वतःच्याच मुळांनी आवळले जाते आणि वाऱ्याला टिकत नाही. वरवर रोज पाणी घालू नका, आठवड्यातून एकदा भरपूर द्या, म्हणजे मुळे खाली जातात, हेही त्यांचेच.

आज करंज माझ्या डोक्यावर गेला आहे. त्याची सावली अजून चटईएवढीच. पण सासूबाई तेवढ्यात खुर्ची सरकवत सरकवत संध्याकाळ काढतात. बकुळ कमरेला लागतो. रोज त्याला तांब्याभर पाणी घालायला त्या जातात. रोज नको, असे माळ्यांनी बजावले आहे. पण त्यांना ते सांगणार कोण?