मयताच्या घरी नरक वाचणाऱ्यांना उत्तर



गेल्या महिन्यात एका घरी सांत्वनाची प्रार्थना होती. आजी जन्मभर माळकरी, लेकाचं घर ख्रिस्ती. उपदेशक उभे राहून म्हणाले, "तिनं बाप्तिस्मा घेतला नाही. ती आता सार्वकालिक अग्नीत आहे. तुम्ही तरी सावध व्हा." नऊ वर्षांच्या नातीनं आईला विचारलं, "आजीला आत्ता भाजतंय का?"

याला सांत्वन म्हणत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. पण असं बोलणारे शास्त्राआड लपतात, म्हणून शास्त्रच उघडू.

"मत्तय 25:46 वाचा, शिक्षा सार्वकालिक आहे!" वाचलं. तिथला ग्रीक शब्द 'आयोनियोस'. तो 'युग' या अर्थाच्या शब्दापासून आला, म्हणून तो दरवेळी 'न संपणारं' असंच सांगतो असं नाही. यहूदाच्या पत्रातल्या 7व्या वचनात सदोमाची आगही याच शब्दानं सांगितली आहे. आणि यहेज्केल 16:53–55 मध्ये देव त्याच सदोमाला पूर्वस्थितीवर आणण्याचं कबूल करतो. मयताच्या घरी हा अध्याय कुणी उघडत नाही.

"मंडळीनं हे केव्हाच ठरवलंय!" प्राचीन मंडळीतला ऑगस्टिन अनंत यातनेच्या बाजूचा होता, मान्य. पण निकेय विश्वासांगीकारात न्याय आहे, अनंत यातनेचा शब्दही नाही. 381च्या कॉन्स्टँटिनोपल धर्मसभेत बसलेला निस्साचा ग्रेगरी शेवटी सगळे देवाकडे परततील अशी आशा लिहून गेला. मंडळी त्याला संत मानते. 1442 मध्ये फ्लॉरेन्सच्या धर्मसभेनं मंडळीबाहेर मरणाऱ्यांना अग्नीत धाडलं. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनं सांगितलं की, स्वतःचा दोष नसताना ज्यांना सुवार्ता कळली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. मधल्या 522 वर्षांत किती नातींना तेच उत्तर मिळालं असेल?

"भीती गेली तर लोक बिघडतील!" भीतीनं काय घडतं ते फ्रान्सिस झेवियर यांनी 1552 मध्ये कोचीनहून लिहिलं आहे: नरकातल्या पूर्वजांना सुटका नाही हे ऐकून जपानचे नवे ख्रिस्ती रडत. लिहिणाऱ्याचं शरीर आज जुन्या गोव्यात आहे. रडणं मात्र आपल्या घरांत चालूच आहे.

पापाचा न्याय होईल, हे मी मानतो. तो करणारा प्रभू आहे. सतरंजीवर उभा राहिलेला उपदेशक नव्हे. यापुढे शोकाच्या घरी कुणी निकाल वाचू लागला, तर तिथंच उठून त्याला थांबवा. आणि त्या पोरीला जवळ घेऊन सांगा: आजी देवाच्या हातात आहे, आणि त्या हातांना खिळ्यांचे व्रण आहेत.