पगारावर नाव कुठे लावणार?

सन २००३ च्या सुमारास मी पूर्व भारतातील एका जिल्ह्यात जिल्हाधिकारी होतो. तेथे एक मोठे उद्योजक मला भेटावयास आले. आपल्या आईच्या स्मरणार्थ जिल्ह्यासाठी काही करावे, अशी त्यांची मनापासून इच्छा होती. रुग्णालयाच्या आवारात एक नवी इमारत बांधून देण्याचा त्यांचा प्रस्ताव होता. मी म्हटले, "इमारती आहेत, माणसे नाहीत. तीन आरोग्य उपकेंद्रांना परिचारिकेअभावी कुलूप आहे. त्याऐवजी सहा परिचारिकांच्या दहा वर्षांच्या पगाराची सोय करून द्याल का?" ते क्षणभर थांबले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, "साहेब, पगारावर नाव कुठे लावणार?"

इमारत झाली. कोनशिलेच्या समारंभाला मी स्वतः उभा होतो. माझी बदली झाली तेव्हा तिच्या वरच्या मजल्यावर मोडक्या खाटा आणि जुन्या फायलींचे गठ्ठे ठेवलेले होते.

त्या गृहस्थांना मी आजही दोष देत नाही. त्यांनी निदान मनातले खरे सांगितले. घाट, धर्मशाळा, पाणपोया ही आपल्याकडील दानाची जुनी रीत आहे, आणि एकदा बांधून मोकळे होण्याजोग्या कामांना ती शोभते. प्रशासन मात्र रोजच्या कामावर चालते. शिक्षक उद्याही शाळेत यावा लागतो, लस उद्याही थंड राहावी लागते. असा आवर्ती खर्च कोणी दानातून उचलल्याचे माझ्या नोकरीत मी फार क्वचित पाहिले. त्या तीन उपकेंद्रांपैकी दोन पुढे उघडली, ती २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून कंत्राटी परिचारिका नेमता आल्या म्हणून. तो पैसा कराचा होता. त्याची कोनशिला कोठेही नाही.

श्रीमंतांची समाजाप्रती जबाबदारी हा विषय निघाला की चर्चा दानशूरांच्या नावांवर येऊन थांबते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ ने मोठ्या कंपन्यांवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करण्याचे बंधन घातले. पाऊल चांगले होते. सन २०२१-२२ मध्ये या खात्यावर २६ हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. परंतु काय करावयाचे हे कंपनी ठरवते, आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच सांगतो. परिणामी महाराष्ट्र, कर्नाटक, गुजरात यांसारख्या कारखाने आणि मुख्य कचेऱ्या असलेल्या राज्यांकडे मोठा वाटा जातो. ईशान्येकडील राज्यांच्या हाती फार थोडे लागते. शिवाय हे बंधन कंपनीवर आहे. मालकाच्या वैयक्तिक संपत्तीला त्याचा स्पर्श होत नाही.

त्या संपत्तीला स्पर्श करणारे दोन कर आपल्याकडे होते. मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मालमत्तेवरील कर १९५३ साली आला, संपत्तीकर १९५७ साली. पहिला १९८५ मध्ये रद्द झाला, दुसरा २०१५ मध्ये. दोन्ही वेळा कारण जवळजवळ एकच दिले गेले: उत्पन्न थोडे, वसुलीचा खर्च जास्त. १९८५ मध्ये पहिल्याचे उत्पन्न वर्षाला वीस कोटींच्या आसपास होते; संपत्तीकराचे २०१३-१४ मध्ये १,००८ कोटी.

आकडे खरेच आहेत. पण एक प्रशासक म्हणून मला हे कारण नेहमीच आपल्या स्वतःच्या अपयशाच्या कबुलीसारखे वाटत आले आहे. वारसाकराचा वरचा दर ८५ टक्क्यांपर्यंत नेला, तेव्हा तो चुकवण्याची सोयही आपणच करून दिली. संपत्तीकरातून १९९० च्या दशकात शेअर आणि ठेवी वगळल्या गेल्या. जेथे खरी संपत्ती वाढणार होती तेच बाहेर ठेवले आणि दागिने, मोटारी, दुसरे घर यांवर कर मोजत बसलो. मग उत्पन्न थोडे आले, यात नवल ते काय?

आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. संपत्तीकराच्या उत्पन्नात वित्त आयोगाच्या सूत्रानुसार राज्यांचा वाटा असे. त्याच्या जागी २०१५ मध्ये वर्षाला एक कोटीहून अधिक उत्पन्न असणाऱ्यांवर दोन टक्के जादा अधिभार बसवला गेला. त्यातून नऊ हजार कोटी मिळतील असा अंदाज होता, म्हणजे रक्कम कितीतरी मोठी. परंतु अधिभार राज्यांना वाटून द्यावा लागत नाही, आणि परिचारिकेचा पगार प्रामुख्याने राज्यच देते. शिवाय तो उत्पन्नावर आहे. ज्याची संपत्ती शेअरच्या भावाबरोबर फुगते, पण जो ती विकत नाही, त्याला तो लागूच होत नाही. जागतिक विषमता प्रयोगशाळेच्या २०२४ मधील अभ्यासानुसार २०२२-२३ साली देशातील सुमारे ४० टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती.

आपण मराठी माणसांना या बाबतीत एक जुना अनुभव आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या रोजगार हमी योजनेसाठी महाराष्ट्राने १९७५ मध्ये व्यवसायकर बसवला. मुंबईच्या कचेरीतील पगारदाराच्या खिशातून दुष्काळी तालुक्यातील मजुराची मजुरी निघू लागली, आणि कर गोळा होईल तितकीच भर राज्य सरकारने घालावयाची होती. बंगळुरू किंवा हैदराबादला नोकरी करणाऱ्या वाचकांच्या पगारपत्रकातही महिन्याला दोनशे रुपयांची ही ओळ असेल (दिल्लीकर सुटले आहेत!). मात्र राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ ने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. ती १९८८ साली ठरली आणि आजही तीच आहे. त्यामुळे महाराष्ट्रात कारकून आणि त्याच्या कंपनीचा अध्यक्ष, दोघेही तेवढेच भरतात.

माझे म्हणणे जुने ८५ टक्के परत आणा असे नाही. राहते घर आणि शेतजमीन वगळून, बऱ्याच वरच्या मर्यादेपासून, माफक दराचा वारसाकर असावा, आणि त्याचे उत्पन्न पूर्वीप्रमाणे राज्यांकडे जावे. वसुली अवघड आहे हा आक्षेप १९८५ मध्ये रास्त होता. तेव्हा अधिकाऱ्याला कागदी शेअर आणि तिजोऱ्या शोधत फिरावे लागे. १९९६ च्या डिपॉझिटरी कायद्यानंतर शेअर संगणकावर आले. आज पॅन क्रमांकावरून खात्यांचा ताळा घालता येतो, आणि दस्तनोंदणीही संगणकीकृत झाली आहे. पगारदाराचे दोनशे रुपये पगार हातात पडण्यापूर्वीच कापून घेणाऱ्या यंत्रणेला हे काम झेपणार नाही, असे मला वाटत नाही.